किती क्विंटल सीट?

माहूरच्या लग्नाहून परतताना मोटारीच्या मागच्या सीटमधली एक स्प्रिंग रेक्झीन फाडून वर आली आणि रजनीबाईंच्या नव्या चंदेरी साडीत अडकली. घरी पोचल्यावर बाई गाडीतून उतरल्या, साडीचा हातभर तुकडा मात्र आतच राहिला. रजनीबाईंनी आरडाओरडा केला नाही. पदर कमरेभोवती गुंडाळून त्या आर्णीतल्या आपल्या अंगणात उभ्या राहिल्या आणि शाळेत ज्या आवाजात हजेरी घेत त्याच आवाजात म्हणाल्या,

"अहो, बस झालं आता. आदिलाबादचा सलील मागून राहिला नं गाडी? देऊन टाका त्याला."

सलील हा रजनीबाईंचा मामेभाऊ. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत त्याचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या दारात शोभेला म्हणून त्याला एक जुनी मोटार हवी होती. इंजिनाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. 'चाकांभोवती कुंड्या ठेवीन, टपावर साड्या पसरवीन,' असं त्यानं दिवाळीत सांगितलं, तेव्हा मधुसूदनराव भरल्या ताटावरून उठून हात धुवायला गेले होते आणि बराच वेळ मोरीतून बाहेर आले नव्हते.

मधुसूदनराव पांढरीपांडे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. त्यांनी आखलेले कालवे कागदावर निळेशार वाहत. रानात त्यांतले बरेचसे अजून बाभळींनी भरलेले होते, पण मधुसूदनराव कागदावर पाणी सोडून देत आणि मनातल्या मनात काठाकाठानं हिंडून येत. ऑफिस सुटलं की ते अंगणातल्या गाडीत जाऊन बसत. गोल पाठीची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ती जुनी मोटार. तिचा मूळचा रंग कोणता हे आता सांगता येत नसे, म्हणून घरात तिला नुसतं 'बदामी' म्हणत. बदामीत बसायचं, काच खाली करायची, हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि डोळे अर्धवट मिटायचे. रजनीबाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मधुसूदनराव कधी महाबळेश्वरला पोचलेले असत, कधी काश्मीरला.

"थंडी आहे का हो तिकडे?" बाई विचारत.

ती बदामी आता एका दुकानासमोर कुंड्यांच्या गराड्यात कायमची उभी राहणार होती.

रविवारी सकाळी यवतमाळ रस्त्यावरच्या निंबाखाली, बेबीताईच्या चहाच्या टपरीवर, जुन्या गाड्यांच्या मालकांची बैठक भरे. मालक म्हणजे दोघंच, मधुसूदनराव आणि जवळच्याच तांड्यावरचा रामसिंग राठोड. तिसरा बळीराम हा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती, त्यामुळे त्याची मतं नेहमी चालू स्थितीत असत. रामसिंगकडे सरकारी लिलावातली जीप होती. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरलेले, आणि रामसिंग जीपलाही बैलासारखंच वागवी. सकाळी तिच्या बोनेटवर थाप मारल्याशिवाय चावी फिरवत नसे.

"माह्या जीपचा हॉर्न डावीकडं वळलं की आपोआप वाजते," रामसिंगनं त्या रविवारचं पहिलं दुखणं मांडलं. "बंदच होत नाई. म्हून मी आता होईन तितकं उजवीकडंच वळतो."

"मंग तांड्यावर कसा जातो तू? तांडा तं डावीकडं हाय," बळीराम म्हणाला.

"जातो ना. गावाले वेढा मारून जातो."

मधुसूदनरावांचा चहा निवला होता. त्यांनी साडीची हकिकत सांगितली, सलीलची सांगितली आणि कुंड्यांपाशी येऊन ते थांबले. बेबीताईसुद्धा स्टोव्हला पंप मारायची थांबली.

"फिरल्याबिगर गाडी म्हंजे..." रामसिंग म्हणाला आणि त्यानं आपल्या जीपकडे पाहिलं.

"पुढच्या शनिवारी न्यायची आहे," मधुसूदनराव म्हणाले. "रजनी सोबत येणार आहे. म्हणते, मला एकट्याला पाठवलं तर मी अर्ध्या रस्त्यातून गाडी घेऊन परत येईन."

"याल का?" बळीरामनं विचारलं.

"येईनच. पण त्या सीटवर ती बसायला तयार नाही. आणि गादीवाल्याकडे लग्नसराईचं काम आहे, तो म्हणतो महिनाभर वेळ नाही. शेवटचा प्रवास आहे रे बदामीचा. निदान नीट घेऊन जावं, एवढंच वाटतं."

रामसिंगनं कपातला चहा बशीत ओतला, बशी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

"कापूस भरू," तो म्हणाला.

ती एकाधिकार खरेदीची अखेरची वर्षं होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, नदीपलीकडे आंध्रात न्यायचा नाही, असा नियम होता. आणि केंद्रावर तर बैलगाड्यांची रांग हलता हलत नव्हती. भाव ऐकून माणसं गाडी जुंपायची थांबली होती. कापूस घराघरांत साठला होता. आधी तो माजघरात शिरला, मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला.

"आमच्या घरात आता कापूस मालकावानी राह्यते अन् आमी पाव्हन्यावानी," रामसिंग म्हणाला. "घ्या लागन तितका. तुमच्या सीटीत भरला तं लेकाचं कायतरी सोनं होईन."

"सरकी काढा लागन पयले," बळीरामनं बजावलं. कापसातलं बी काढल्याशिवाय त्याची गादी करत नाहीत, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं.

"सरकी काढायले जिनात कोन जाते? तिथंबी रांगच हाय. राहू द्या सरकी. टोचली तं टोचली, स्प्रिंगपेक्षा तं बरी."

त्याच दुपारी बदामी तांड्यावर गेली. रामसिंगची बायको रामीबाई दारातच उभी होती. सीट खाली उतरवलेली पाहून तिनं विचारलं, "एवढीशीच?" आणि तिचा चेहरा पडला. घर मोकळं होईल म्हणून तिला आशा लागली होती. मागची सीट भरली, मग पुढची. तेवढ्यात मधुसूदनरावांना आठवलं की दारांच्या पत्र्यांमधूनही खडखडाट येतो. दारांच्या आतली पुठ्ठ्याची पाठ काढून तिथंही कापूस ठासला. टपाच्या अस्तरात भरला. पायांखालच्या चटईखाली अंथरला. डिकी आणि सीट यांच्यामधली पोकळी त्यांना अनेक वर्षं खुपत होती, ती भरता भरता संध्याकाळ झाली. रामीबाईनं दाभण घेऊन रेक्झीन शिवून टाकलं. शिवता शिवता ती प्रत्येक वेळी म्हणे, "अजून थोडा बसते ह्याच्यात," आणि खरोखरच बसे.

शेवटी मधुसूदनरावांनी दार लावून पाहिलं. एरवी ते दार लागलं की शेजारची कुत्री उठून बसत. आज उशीवर तळवा टेकावा तसा नुसता 'धप्प' आवाज झाला.

"याडी!" रामसिंग आपल्या गोरबोलीत पुटपुटला. आईची आठवण काढावी असंच काहीतरी झालं होतं.

शनिवारी सकाळी ते तिघं निघाले. मधुसूदनराव गाडी चालवत होते. शेजारी रामसिंग, कारण परत येताना एसटीत मधुसूदनरावांना एकटं वाटू नये, असं त्यानंच ठरवलं होतं. मागे रजनीबाई. बसण्यापूर्वी त्यांनी सीट हातानं दाबून पाहिली, मग पर्सनं दाबून पाहिली आणि मग जराशा टेकल्या. त्या हळूहळू खाली जात राहिल्या. त्यांचं खाली जाणं थांबलं तेव्हा आरशात त्यांचा फक्त डोक्यावरचा उंच अंबाडा दिसत होता.

"ठीक आहे का?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"ठीक आहे," अंबाड्याखालून आवाज आला. "आधी का नाही केलं मग हे?"

घाटंजीचा रस्ता लागला आणि मधुसूदनरावांना वाटलं, गाडी बंद पडली. त्यांना गाडीचा आवाजच येईना. दारं बोलत नव्हती, टप बोलत नव्हता, खड्डा आला तरी गाडी एकदा खोल श्वास घेतल्यासारखी खाली-वर होई आणि पुढे जाई. बाहेर हिवाळ्याचं कोवळं ऊन पसरलं होतं. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. पऱ्हाटीच्या शेतांत वेचणीच्या बायका वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या कमरेला बांधलेल्या पांढऱ्या ओट्या लांबून ढगांची पिल्लं खाली उतरल्यासारख्या दिसत होत्या. मधुसूदनरावांनी आयुष्यात कितीतरी वेळा उभ्या गाडीत बसून असा प्रवास केला होता. आज चाकं फिरत होती आणि तरीही तो तसाच होता.

"भाऊ, मले वाटून राह्यलं आपुन नावेत हावो," रामसिंग हळू आवाजात म्हणाला.

"तू नावेत बसलास कधी?"

"नाई. पन असंच असत असन."

मागून काहीच आवाज आला नाही. मधुसूदनरावांनी आरशात पाहिलं, मग मान वळवून पाहिलं. रजनीबाई झोपल्या होत्या. मधुसूदनरावांनी नकळत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला. लेक शाल्मली लग्न होऊन गेल्यापासून रजनीबाईंना झोप नव्हती. काढे झाले, तळपायांना तूप चोळून झालं, यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. रोज पहाटे त्या उठून बसत आणि खिडकीशी जाऊन नुसत्या उजेडाची वाट पाहत. आणि आज त्या भर सकाळी, तोंड किंचित उघडं ठेवून, एका हातात पर्सचा पट्टा तसाच धरून, लहान मुलीसारख्या गाढ झोपल्या होत्या.

"हळू बोल," मधुसूदनराव म्हणाले.

"मी बोललोच नाई," रामसिंग कुजबुजला.

घाटंजीत बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ढिगांमधून वाट काढत बदामी चालली असताना समोर बकऱ्यांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबवावी लागली. एक काळी, दाढीवाली बकरी गाडीजवळ आली. तिनं हवा हुंगली. सरकीचा वास बकरीपासून लपत नाही. तिनं रामसिंगच्या बाजूच्या उघड्या काचेतून मान आत घातली आणि सीटच्या शिवणीला तोंड लावलं.

"हट! हट!" रामसिंग जेवढं ओरडता येईल तेवढं हळू ओरडला, कारण मागे बाई झोपल्या होत्या.

बकरीनं मान बाहेर ओढली तेव्हा रामीबाईची शिवण तिच्या दातांत होती. मग दुसरी बकरी आली. एका गाईनं मागून येऊन डिकीला जीभ लावली. बाजारातली माणसं हसून राहिली होती आणि मधुसूदनराव हॉर्नही वाजवू शकत नव्हते. शेवटी रामसिंग खाली उतरला, त्यानं शेजारच्या टोपलीतली कोथिंबीर उचलून कळपापुढे धरली आणि कळपाला बाजूला नेलं. कोथिंबीरवालीची समजूत घालण्यात आणखी थोडा वेळ गेला.

गाडी पुन्हा निघाली, पण आता शिवण उसवली होती. वारा आत शिरला की सीटमधून कापसाचा एकेक पुंजका सुटे, गाडीत तरंगे, उन्हाच्या तिरिपेत क्षणभर थांबे आणि खिडकीतून बाहेर जाई. काही पुंजके बाहेर न जाता मधुसूदनरावांच्या मिशीवर बसले. काही रजनीबाईंच्या केसांत उतरले. पांढरकवडा मागे पडेपर्यंत तिघंही पांढरेशुभ्र झाले होते आणि बदामीच्या मागे रस्त्याच्या कडेनं पांढरी रेघ उमटत चालली होती. मधुसूदनरावांना हे सगळं इतकं सुंदर वाटत होतं की काच वर करावी हे त्यांच्या मनातच आलं नाही.

नदीच्या अलीकडे कापसाचा नाका होता. नाक्यावरच्या शिपायानं लांबूनच पाहिलं की एक जुनी मोटार कापूस सांडत सांडत आंध्राकडे निघाली आहे. त्यानं बांबू खाली टाकला.

"गाडीत काय हाय?"

"बायको आहे," मधुसूदनराव दबक्या आवाजात म्हणाले.

"अन् हे पांढरं काय उडून राह्यलं?"

"ती सीट आहे."

शिपायाच्या छातीवरच्या पट्टीवर लालसिंग असं नाव होतं. हा आपल्यातलाच, असं वाटून रामसिंगला धीर आला. त्यानं हात जोडून आपल्या बोलीत 'राम रामी, भिया', म्हणजे राम राम भाऊ, म्हटलं. लालसिंगनंही राम रामी केलं.

"ड्युटीवर कोनी कोनाचा भिया नाई," तो पुढे म्हणाला. "उतरा खाली."

नाक्यावरचे साहेब खुर्चीतून उठून आले. उंच, चष्मा लावलेले, सकाळपासून कुणी काही खरं बोललेलं नाही असा चेहरा. त्यांनी पुढच्या सीटच्या उसवणीत दोन बोटं घातली आणि ओढलं. कापूस आला. आणखी ओढलं, आणखी आला. त्यांनी दाराच्या पाठीवर टिचकी मारली. आवाज आला नाही. टपाला हात लावला. टप मऊ होता. ते मधुसूदनरावांकडे वळले.

"हे काय आहे?"

"सीट आहे, साहेब."

"दारातसुद्धा?"

"खडखडाट होत होता म्हणून."

"टपात?"

"तिथंही."

"मला एक सांगा," साहेब म्हणाले, "एकूण किती क्विंटल सीट आहे?"

मधुसूदनरावांना आकडा माहीत नव्हता. त्यांनी रामसिंगकडे पाहिलं. रामसिंगनं नदीकडे पाहिलं.

"मागची सीट उचला, पाहू द्या," साहेबांनी हुकूम सोडला. लालसिंगनं मागचं दार उघडलं आणि तसंच लावलं.

"साहेब, बाई मालावर झोपल्या हायेत."

"मग उठवा."

"मी कसा उठवू? लेडीज पोलीस नाई आपल्याकडं."

"तुम्ही उठवा," साहेब मधुसूदनरावांना म्हणाले.

मधुसूदनराव सरकारी नोकर होते आणि वरिष्ठांसमोर आजवर कधी नाही म्हणाले नव्हते. मोजमाप चुकीचं आहे हे दिसत असतानाही त्यांनी वरिष्ठांच्या म्हणण्याप्रमाणे टेकडीवरून कालवा नेला होता. आज मात्र ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

"नाही उठवणार," ते म्हणाले. "तुम्ही काय कारवाई करायची ती करा साहेब, गाडी ठेवून घ्या, मला आत टाका. पण तिची झोप होऊ द्या. दोन वर्षांत पहिल्यांदा लागली आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घरी त्यांचंही कुणीतरी असावं. त्यांनी तोडगा काढला. शेजारच्याच गावात खरेदी केंद्र होतं. गाडी तिथं न्यायची, कापूस जमा करायचा, पावती आणायची आणि मग खुशाल पलीकडे जायचं. लालसिंग सोबत जाईल.

केंद्रावर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग गावाच्या वेशीपर्यंत आली होती. माणसं गाड्यांखाली पथारी टाकून होती. तीन दगडांवर कुणाचा तरी भात शिजत होता. बदामी एका बैलगाडीच्या मागे उभी राहिली. गाडीवाल्या म्हाताऱ्यानं वळून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"मोटारीनं आनला कापूस?"

"हाव," रामसिंग म्हणाला.

"पेट्रोलले तरी परवडते का?"

"नाई."

"आमाले बैलालेबी नाई परवडत," म्हातारा म्हणाला आणि सरकून त्यानं त्यांना सावलीत जागा दिली. त्यानं भाकरी काढली, रामसिंगनं रामीबाईनं दिलेला ठेचा काढला. लालसिंगही खाली बसणार होता, पण ड्युटी म्हणून तो गाडीच्या पुढच्या सीटवर मालाची राखण करायला बसला आणि थोड्याच वेळात त्याची टोपी नाकावर आली.

दुपार कलली तेव्हा रजनीबाई जाग्या झाल्या. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. चहूकडे पांढरे डोंगर उभे होते. डोंगरांवर माणसं चढत होती, उतरत होती, आणि कसलाही आवाज येत नव्हता. हवेत पांढरं काहीतरी तरंगत होतं. समोरच्या आरशात त्यांना आपलेच पांढरे केस दिसले. पुढच्या सीटवर खाकी कपड्यांतला एक अनोळखी माणूस निजला होता. बाई अजिबात घाबरल्या नाहीत. त्यांनी शांतपणे काच खाली केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "काश्मीर का हे?"

मधुसूदनराव धावत आले. त्यांनी सगळं सांगितलं. रजनीबाईंनी ऐकून घेतलं, केसांतला एक पुंजका काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मी किती वेळ झोपले होते?"

"घाटंजीच्या आधीपासून."

"असं," बाई म्हणाल्या.

रांग सरकली आणि ग्रेडर आला. कापसाची प्रत ठरवणारा तो माणूस दिवसभर नाही म्हणून म्हणून थकला होता. त्यानं बदामीच्या सीटमधून मूठभर कापूस काढला, उजेडात धरला, हुंगला. त्यात काथ्या होता, गंजाचे कण होते, ऑइलचा वास होता आणि घाटंजीच्या बकरीची लाळ होती.

"हा कापूस नाही," ग्रेडर म्हणाला.

"मंग काय हाय?" रामसिंगनं विचारलं.

"ही सीट आहे. केंद्र सीट घेत नाही."

"लेखी द्या," लालसिंग डोळे चोळत म्हणाला. ग्रेडरनं तसं लेखी दिलं नाही. त्याच्यामागे अजून गावभर गाड्या उभ्या होत्या. बदामी आली तशी नाक्यावर परत गेली. नाक्यावर तो कापूस होता, केंद्रावर ती सीट होती, आणि मधुसूदनरावांना आपल्या गाडीचा पहिल्यांदाच थोडा अभिमान वाटू लागला.

साहेबांनी लालसिंगचं सगळं ऐकलं. "सीट म्हणतात? मी पाहतो," ते म्हणाले. ते पुढचं दार उघडून आत बसले. हळूहळू खाली गेले. लालसिंगनं दार लावलं. 'धप्प' झालं आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांचा गोंगाट बंद झाला. साहेबांनी पाठ टेकली. मागच्या सीटवर रजनीबाई होत्या. पुलाखालून पैनगंगा संथ चालली होती आणि ऊन तिच्यावर आडवं झालं होतं. बाहेर उभ्या असलेल्या तिघांना साहेबांचा चष्मा दिसत होता. त्यामागचे डोळे दिसत नव्हते. नाक्यावर दोन ट्रक थांबले, लालसिंगनं ते तपासून सोडले. आणखी एक आला. मग साहेबांनी दार उघडलं आणि ते सावकाश बाहेर आले. त्यांच्या खांद्यावर कापूस होता, तो त्यांनी झटकलाही नाही.

"ही सीटच आहे," ते मऊ आवाजात म्हणाले. "बांबू उचला. जाऊ द्या यांना आदिलाबादला."

लालसिंगनं बांबू उचलला. समोर पूल मोकळा झाला. पुलापलीकडे कुंड्या होत्या. मधुसूदनराव यंत्रासारखे स्टिअरिंगपाशी जाऊन बसले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि रजनीबाई खाली उतरल्या.

"असं कसं जाऊ देता तुम्ही?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"अहो बाई, सोडून राहिलो ना तुम्हाला."

"तेच विचारून राहिले मी. का बरं सोडून राहिले? नदीपलीकडे कापूस न्यायचा नाही, असा नियम आहे की नाही?"

"आहे."

"ह्या गाडीत कापूस आहे की नाही? हे पहा." बाईंनी सीटच्या उसवणीतून ओंजळभर कापूस उपसून साहेबांसमोर धरला. "हा काय आहे? दारं पहा. टप पहा. रामसिंगभाऊ, सांगा नं यांना, किती कापूस भरला तुम्ही."

"लय भरला, वहिनी," रामसिंग लगेच म्हणाला. "मावतच नव्हता, तरी भरला."

"सकाळी ही गाडी अडवली अन् संध्याकाळी सोडून देता? शाळेतली पोरंसुद्धा असं करत नाहीत. उद्या कुणी म्हणेल, नाक्यावर कुणाचंही चालते. मला हे पटत नाही. तुम्ही आम्हाला परत पाठवा."

साहेब नोकरीत खूप काही पाहून बसले होते. सोडून द्या म्हणून रडणारी माणसं पाहिली होती, ओळखी काढणारी पाहिली होती. अडवा म्हणून भांडणारं कुणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं. त्यांनी मधुसूदनरावांकडे पाहिलं. मधुसूदनराव स्टिअरिंग घट्ट धरून समोर पाहत होते.

"पलीकडे जाता येणार नाही," साहेब शेवटी म्हणाले. "नियम आहे."

"बघा," रजनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "नियम आहे म्हणतात. आपण काय करणार?"

नाक्याजवळच्या एसटीडी बूथवरून त्यांनी सलीलला फोन लावला. सरकारनं गाडी नदीपलीकडे न्यायला मनाई केली, असं त्यांनी सांगितलं. सलीलनं कारण विचारलं असावं. "अरे, ते फार मोठं आहे," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि पदरानं हात पुसत त्या गाडीपाशी आल्या.

"वहिनी, मंग आता गाडी..." रामसिंगनं सुरुवात केली.

"गाडीचं काय? खटारा आहे तो," बाई मागच्या सीटवर टेकत म्हणाल्या. त्या हळूहळू खाली गेल्या. "आणि ती शिवण नीट घालून घ्या. रामीबाईंनाच सांगा." दार लागलं. बदामी वळून परतीच्या रस्त्याला लागली, तेव्हा अंबाडा एका बाजूला कलला होता.

शेतांवर सांज उतरत होती. तांड्या-तांड्यांवर चुली पेटल्या होत्या आणि धूर उभा न राहता रानावर अलगद पसरत होता. घाटंजीचा बाजार उठून गेला होता. रिकाम्या मैदानात कोथिंबिरीच्या चार काड्या पडल्या होत्या. रामसिंग दोनदा पेंगला, दोनदा जागा झाला. मधुसूदनरावांच्या मिशीवर अजून कापूस होता. ते गिअर असा बदलत होते की जणू कुणाच्या कपाळावरून हात फिरवत आहेत.

आर्णी आली. पहिले दिवे लागले होते. चौक आला, पांढरीपांड्यांची गल्ली आली, गल्लीच्या तोंडावरचं पिठाच्या गिरणीचं दार उघडं दिसलं. बदामी वळली नाही. ती गावातून सरळ पुढे निघाली आणि उमरखेडच्या रस्त्याला लागली.

रामसिंग खडबडून सावध झाला. त्यानं मागे वळून पाहिलं, मग मधुसूदनरावांकडे पाहिलं.

"भाऊ," तो कुजबुजला, "घर मांगं राह्यलं."

मधुसूदनरावांनी आरशातल्या कललेल्या अंबाड्याकडे पाहिलं. मग पुन्हा समोरच्या रस्त्याकडे.

"राहू दे," ते म्हणाले.